स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा : दोष पथ्याचा की प्रवाहाचा?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी करून त्यांच्या हृदयाच्या पुढच्या धमनीत औषधी स्टेंट बसवला. काही महिने छान गेले, मग जिना चढताना छातीवर पुन्हा दडपण येऊ लागले. दुसऱ्यांदा अँजिओग्राफी केली तेव्हा स्टेंटच्या आतच धमनी अरुंद झालेली दिसली. घरात सगळे त्यांनाच बोलतात, "पथ्य पाळलं नाहीत, म्हणून हे झालं." मी हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. पंप आणि व्हॉल्व्हमधून द्रव कसा वाहतो, याचे संगणकावर गणित मांडणे हे माझे काम. नळीचा आकार जरा बदलला तरी भिंतीवरचा ताण बदलतो, हे मी रोज पाहतो. स्टेंटमध्येही असेच होत असेल का? धमनी पुन्हा अरुंद होण्यात रक्ताच्या प्रवाहाचा खरोखर वाटा असतो का? आणि महागडा स्टेंट घेतला असता तर हे टळले असते का?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : वाटा असतो, आणि तो बऱ्यापैकी मोठा असतो. पण तो समजण्यासाठी आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. आपल्या बहुतेकांच्या मनात धमनीतला अडथळा म्हणजे कालव्यात बसलेला गाळ. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून नद्या, कालवे आणि धरणांचा अभ्यास चालतो. पाणी जिथे मंदावते तिथे गाळ खाली बसतो, हा त्या अभ्यासातला अगदी मूलभूत नियम. धमनीतही प्रवाह मंद असलेल्या जागी अडथळा जास्त वाढतो, त्यामुळे ही तुलना पटकन पटते. मात्र कालव्याची भिंत निर्जीव असते आणि गाळ बाहेरून वाहत येतो. स्टेंटच्या आत जे वाढते, ते मुख्यतः धमनीच्या भिंतीतूनच वाढते. तिथे काही साचत नाही, तिथे जखम भरून येत असते. ती गरजेपेक्षा जास्त भरली की वाट अडते.

ही जखम होते कशी? अँजिओप्लास्टी करताना धमनीत फुगा फुगवतात, तेव्हा त्यातला दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा-बारा पट, कधी त्याहूनही जास्त असतो. त्या दाबाने जुना थर चिरडला जातो, भिंत ताणली जाते आणि स्टेंटची जाळी भिंतीत रुतते. धमनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचे पेशींचे एकपदरी अस्तर असते. ते त्या जागी खरवडून निघते. मग रक्तातल्या प्लेटलेट तिथे चिकटतात, दाह सुरू होतो आणि भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशी आतल्या बाजूला सरकून दुणावू लागतात. आपल्याभोवती त्या तंतुमय द्रव्यही तयार करतात. अशी जी नवी साय भिंतीवर धरते, तिला डॉक्टर निओइंटिमा म्हणतात. ती पातळ राहिली तर चांगलेच, कारण स्टेंटच्या उघड्या धातूवर ती पांघरूण घालते. ती जाड झाली आणि धमनीचा व्यास निम्म्याहून कमी उरला, की त्याला रेस्टेनोसिस म्हणतात. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये ही वाढ बहुधा पहिल्या सहा महिन्यांत दिसते. औषधी स्टेंटमध्ये ती उशिरा येऊ शकते. काही वर्षांनी त्या नव्या थरातच चरबी साठून नवा आजार सुरू झाल्याचेही आढळते.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. वाहते रक्त भिंतीवर दोन तऱ्हांनी जोर लावते. एक जोर भिंतीला काटकोनात बाहेर ढकलतो, तो म्हणजे रक्तदाब. दुसरा भिंतीला समांतर, प्रवाहाच्या दिशेने ओढतो. त्याला तुम्ही शिअर स्ट्रेस म्हणता आणि हृदयरोगतज्ज्ञही तेच म्हणतात. दोघांच्या आकारात प्रचंड तफावत आहे. १०० मिलिमीटर पाऱ्याइतका रक्तदाब म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. निरोगी धमनीतला शिअर स्ट्रेस साधारण १ ते ७ पास्कल, म्हणजे हजारो पटींनी कमी. तरीही एंडोथेलियमच्या पेशी ही इवलीशी ओढ अचूक ओळखतात. त्यांच्या पृष्ठभागावर त्यासाठी रेणवीय यंत्रणा असते. त्यांपैकी पिएझो-१ हे प्रथिन २०१० मध्ये सापडले आणि ते शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रवाह एका दिशेने, पुरेशा जोराने वाहत असेल तर या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीने मांडल्या जातात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा वायू धमनी सैल ठेवतो, प्लेटलेटना चिकटू देत नाही आणि स्नायुपेशींच्या वाढीला आवर घालतो. रक्ताभिसरणातले त्याचे काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. प्रवाह मंद असेल किंवा प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे हेलकावत असेल, तर पेशींचा नूर पालटतो. त्या गोलसर, विस्कळीत होतात, नायट्रिक ऑक्साइड कमी सोडतात, दाह वाढवणारी जनुके जागी करतात आणि पांढऱ्या पेशींना चिकटायला जागा देतात. शिअर स्ट्रेस सुमारे ०.४ पास्कलच्या खाली गेला की पेशींचा कल या दुसऱ्या बाजूला झुकतो, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे.

ही समज सहज हाती आलेली नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या डोनाल्ड फ्राय यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की फार जास्त शिअर स्ट्रेसने अस्तर फाटते. त्यामुळे जोराचा प्रवाह घातक, असे अनेकांना वाटू लागले. पुढच्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी नेमका उलटा मुद्दा मांडला. माणसांच्या धमन्यांत सुरुवातीचा आजार जिथे दिसतो तिथे शिअर स्ट्रेस कमी असतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९८५ मध्ये कू, गिडन्स, झारिन्स आणि ग्लागोव्ह यांनी मानेतल्या धमनीचा अभ्यास केला. प्रवाहाची दिशा जिथे प्रत्येक ठोक्याला उलटते, तिथेच भिंत जाड होते, असे त्यांना दिसले. सुरुवातीच्या आजारापुरता कॅरो यांचा मुद्दा खरा ठरला. धमनीला फाटा फुटतो तिथली बाहेरची बाजू आणि वळणाची आतली बाजू या आजाराच्या आवडत्या जागा का, याचे उत्तर त्यातून मिळाले.

स्टेंटच्या बाबतीत हीच गोष्ट २००१ मध्ये रॉटरडॅमच्या योलांडा वेंटझेल आणि सहकाऱ्यांनी तपासली. स्टेंट बसवून काही महिने झालेल्या रुग्णांच्या धमन्यांचा आकार त्यांनी अल्ट्रासाउंड आणि एक्स-रे यांच्या मदतीने त्रिमितीय रूपात मांडला, त्यातून प्रवाहाचे गणित सोडवले आणि निओइंटिमाची जाडी मोजली. शिअर स्ट्रेस कमी तिथे साय जाड, असे नाते स्पष्ट दिसले. मात्र तो अभ्यास साध्या धातूच्या स्टेंटवर होता. औषधी स्टेंटमध्ये औषधच पेशींची वाढ रोखते, त्यामुळे तिथे हे नाते सगळ्या अभ्यासांत इतके स्पष्ट दिसलेले नाही.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल असे एक साधे गणित देतो. धमनीचा व्यास ३ मिलिमीटर, प्रवाह मिनिटाला ६० मिलिलिटर आणि रक्ताची चिकटाई पाण्याच्या साडेतीन पट धरा. सरळ नळीच्या सूत्राने शिअर स्ट्रेस सुमारे १.३ पास्कल येतो. स्टेंट थोडा जास्त फुगवून व्यास साडेतीन मिलिमीटर केला तर तोच ताण ०.८ पास्कलवर येतो. त्रिज्येच्या घनाने भागायचे असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरने ताण एक तृतीयांशाहून अधिक घटतो. आता निओइंटिमा वाढून वाट २ मिलिमीटर उरली असे समजा. प्रवाह तोच राहिला तर ताण ४.५ पास्कलच्या आसपास चढतो. भिंत वाढली की ताण वाढतो आणि ताण वाढला की अस्तराला वाढ थांबवण्याचा इशारा मिळतो. धमनी आपल्या ओळखीच्या ताणाकडे परत येण्याचा प्रयत्न करते, असे शरीरशास्त्रज्ञ म्हणतात ते यावरूनच. बहुतेक रुग्णांमध्ये निओइंटिमा एका मर्यादेला येऊन थांबते, त्यामागे हेही एक कारण आहे. प्रश्न उरतो तो अस्तर अजून नीट धरलेले नाही आणि त्यामुळे तो इशारा ऐकणारेच कुणी नाही अशा जागांचा, आणि प्रवाह अवघड वळणे घेतो अशा जागांचा.

खऱ्या स्टेंटमध्ये अशा जागा भरपूर असतात. जाळीची प्रत्येक तार भिंतीतून किंचित वर आलेली असते. तारेच्या पुढे आणि मागे रक्त अडखळते, छोटे भोवरे तयार होतात आणि त्या पट्ट्यात शिअर स्ट्रेस फार घसरतो. तार जितकी जाड, तितका भोवरा मोठा आणि अस्तराला तिच्यावरून सरकत नवे आवरण घालायला तितका उशीर. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इझार-स्टिरिओ या जर्मन अभ्यासात एकाच घडणीचे दोन धातूचे स्टेंट तपासले होते. एकाची तार ५० मायक्रॉनची, दुसऱ्याची १४० मायक्रॉनची. पातळ तारेच्या गटात १५ टक्के रुग्णांमध्ये धमनी पुन्हा अरुंद झाली, जाड तारेच्या गटात २५.८ टक्के. कालांतराने विरघळून जाणारे पहिल्या पिढीचे स्टेंट सुमारे दीडशे मायक्रॉन जाडीचे होते. त्यांपैकी सर्वांत गाजलेला स्टेंट २०१७ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला, त्यामागच्या कारणांत ही जाडीही मोजली जाते.

तारेखेरीज आकारही बदलतो. हृदयावरच्या धमन्या वळणावळणाच्या असतात. कडक स्टेंट वळण सरळ करतो, मग त्याच्या दोन्ही टोकांशी धमनी तीव्र कोनात वळते आणि तिथला प्रवाह बिघडतो. स्टेंट नीट फुगला नाही, तार भिंतीपासून सुटी राहिली किंवा फाट्याच्या तोंडावर जाळी आडवी आली, तरी तेच होते. म्हणून आज अनेक ठिकाणी स्टेंट बसवताना आणि नंतर धमनीच्या आत अल्ट्रासाउंड किंवा प्रकाशाची तपासणी करणारी बारीक तार घालून तो भिंतीला नीट टेकला आहे का, हे पाहतात.

आता औषधाविषयी. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. नुसत्या फुग्याच्या त्या काळात साधारण तीनांपैकी एका रुग्णात धमनी पुन्हा अरुंद व्हायची. १९८६ मध्ये युरोपात पहिले स्टेंट बसवले गेले. त्यांनी हे प्रमाण वीस ते तीस टक्क्यांवर आणले. औषधी स्टेंटमुळे ते पाच ते दहा टक्क्यांच्या घरात आले. यातल्या पहिल्या औषधाचे, सिरोलिमसचे, मूळ दक्षिण प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटाच्या मातीत आहे. १९६४ मध्ये एका वैद्यकीय मोहिमेने तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यांतल्या जिवाणूपासून ते वेगळे करण्यात आणि पुढे कित्येक वर्षे त्यासाठी झगडण्यात भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांचा वाटा सर्वांत मोठा. हे औषध स्नायुपेशींचे विभाजन थांबवते. अडचण इतकीच की ते अस्तराची वाढही मंदावते आणि तोवर धातू रक्ताला उघडा राहतो. म्हणून स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या ठरल्या मुदतीपर्यंत घ्याव्याच लागतात.

महागड्या स्टेंटविषयीचे तुमचे शल्य अनेक घरांतले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटसाठी २९,६०० रुपये ठरले, कर वेगळे. पुढे हे आकडे वेळोवेळी बदलले, पण औषधी स्टेंट देशी असो वा परदेशी, कमाल किमतीची चौकट एकच राहिली. दर्जाचे म्हणाल, तर सुरतेत तयार होणाऱ्या ६० मायक्रॉन तारेच्या एका औषधी स्टेंटची युरोपातल्या रुग्णालयांत एका नामांकित परदेशी स्टेंटशी थेट तुलना झाली. तिच्यात तो स्टेंट कमी पडला नाही आणि त्या तुलनेचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तेव्हा "आणखी पैसे घातले असते तर" ही खंत मनातून काढून टाका. स्टेंटच्या किमतीपेक्षा तो किती नेटका बसला, धमनी किती बारीक होती आणि आजार किती लांब पसरला होता, याने जास्त फरक पडतो.

वडिलांच्या पथ्याचे काय? मधुमेह हा रेस्टेनोसिसचा सर्वांत ठळक साथीदार आहे. धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गोळ्या मध्येच बंद करणे यांनी आजार इतर धमन्यांत पसरतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून पथ्य हवेच. पण धमनीचे वळण, फाट्याचा कोन, भिंतीत साठलेला चुना, तारेची जाडी आणि त्या जागचा शिअर स्ट्रेस यांपैकी एकही गोष्ट तुमच्या वडिलांच्या हातात नव्हती. शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या आणि नेमाने चालणाऱ्या माणसाच्या स्टेंटमध्येही साय जाड होते. आजारी माणसाला दोष देऊन त्याची धमनी मोकळी होत नाही. उलट मन खचलेला माणूस त्रास लपवू लागतो, आणि या आजारात ते फार महाग पडते.

तुमच्या कामाचा इथे उपयोग आहे का? नक्कीच आहे. प्रवाहगणितासाठी जगभर वापरले जाणारे फ्लुएंट हे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीचे भारतातले कार्यालय हिंजवडीतच होते. २००६ मध्ये ती कंपनी अ‍ॅन्सिसने घेतली. स्टेंटमधल्या प्रवाहावरच्या असंख्य शोधनिबंधांत हेच सॉफ्टवेअर वापरलेले दिसते. सीटी स्कॅनच्या चित्रावरून हृदयाच्या धमन्यांतला प्रवाह आणि दाब संगणकावर काढण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. धमनीत तार न घालता अडथळा खरोखर त्रासदायक आहे का, हे तिने कळते. स्टेंटच्या धातूमुळे सीटीचे चित्र बिघडते, म्हणून स्टेंट बसवलेल्या धमनीसाठी ती सहसा वापरत नाहीत. तिथली कोडी अजून सुटायची आहेत. साठ मायक्रॉनच्या तारेभोवतीचा भोवरा पकडायचा तर गणितासाठीचे संगणकावरचे जाळे फार बारीक घ्यावे लागते, आणि धमनी तर कित्येक सेंटिमीटर लांब. हृदयाचा ठोका सेकंदाहून कमी वेळात संपतो, पण निओइंटिमा वाढायला महिने लागतात. दिवसाला सुमारे एक लाख ठोके धरले तर सहा महिन्यांत पावणेदोन कोटींहून अधिक ठोके होतात. त्यांतला प्रत्येक ठोका संगणकावर सोडवणे शक्य नाही. शिवाय तुमच्या पंपाची भिंत प्रवाहाला उत्तर देत नाही, धमनीची भिंत देते आणि प्रवाहच बदलून टाकते. पुण्यात प्रवाहाचे जाणकार इंजिनिअर आहेत, महासंगणक आहेत आणि रोज स्टेंट बसवणारे हृदयरोगतज्ज्ञही आहेत. या तिघांनी एका टेबलाशी बसून इथल्या रुग्णांच्या, विशेषतः मधुमेही रुग्णांच्या, धमन्यांवर काम केले तर ते फार मोलाचे ठरेल.

आता वडिलांसाठी काय करायचे ते सांगतो. पहिले म्हणजे हा अडथळा का आला, हे डॉक्टरांना नेमके विचारा : स्टेंट पूर्ण उघडला नव्हता, की आत पेशी वाढल्या आहेत, की नव्या थरात चरबी साठली आहे? धमनीच्या आतून घेतलेली तपासणी याचे उत्तर बहुतेक वेळा देते आणि उपचार त्यावरच ठरतो. कधी जास्त दाबाचा फुगा पुरतो, कधी औषध लावलेला फुगा किंवा दुसरा स्टेंट लागतो, तर कधी बायपास हाच शहाणपणाचा मार्ग असतो. दुसरे, गुठळी रोखणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी विचारा. तिसरे, उपचारानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालणे सुरू ठेवा. चालताना सगळ्या धमन्यांतला प्रवाह आणि शिअर स्ट्रेस वाढतो आणि नियमित व्यायामाने एंडोथेलियमचे काम सुधारते, हे हृदयरुग्णांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. आणि छातीवरचे दडपण विश्रांतीनेही ओसरले नाही, घाम फुटला किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करून जवळच्या रुग्णालयात जा.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगा : बाबांच्या धमनीने तिला झालेल्या जखमेला तिच्या परीने उत्तर दिले आहे, त्यात बाबांचा अपराध नाही. आता त्यांना बोल लावू नका, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळा आणि पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा.